प्रभाकर मास्तरांनी फोडणी बंद केली

"बुऱ्हाणपूर बुडालं तर तापीच्या पुरानं नाही, तेलानं बुडेल," असं प्रभाकर मास्तरांनी ओसरीत उभं राहून जाहीर केलं आणि खोक्यातून विजेवरचा वाफेचा कुकर बाहेर काढला.

गोष्ट नवा मध्यप्रदेश झाला त्या दिवसांतली. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि तिच्या मागोमाग मास्तरही हिंदीच्या ट्रेनिंगला जाऊन आले. जाताना ते नुसते मास्तर होते, येताना आरोग्याचे प्रचारक होऊन आले. तिथल्या प्रदर्शनात त्यांनी हा कुकर पाहिला होता. खाली पाणी, वर एकावर एक डबे. बटण दाबलं की वरण, भात, भाजी वाफेवर एकदम तयार. तेल नाही, तिखट नाही, धूर नाही.

"आणि चव?" त्यांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी विचारलं.

"चव ही सवयीची गोष्ट आहे," मास्तर म्हणाले.

आमच्या सिंधीपुरा मोहल्ल्यात तेव्हा वीज म्हणजे घरात एखादा दिवा. कुकर लावला की तो दिवा पेंगायला लागे. त्या उजेडात ताटातली भेंडी कोणती आणि दोडकं कोणतं ते कळत नसे. पण दोन्हींची चव एकच असल्यामुळे काही बिघडत नव्हतं. मास्तरांची धाकटी बहीण अलका मात्र निमूट जेवायची. आईबाप गेल्यावर मास्तरांनीच तिला वाढवलं होतं, आणि येत्या रविवारी जसोंडीचे देवराम पाटील आपल्या मुलासाठी तिची सुपारी फोडायला येणार होते. केळीचे मळे, मुलगा सरळमार्गी. एवढं एक लग्न पार पडलं की वर जाऊन आईबापांना तोंड दाखवायला मी मोकळा, असं मास्तर म्हणत.

ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. गल्लीत भिंतीला भिंत लागलेली. संध्याकाळ झाली की एकामागून एक घरात फोडण्या चरचरायच्या, मिरचीचा खकाणा उठायचा आणि अख्खी गल्ली मिळून खोकायची. फोडणी बसली नाही असं घर एकच, सुतकाचं. घरचं कोणी गेलं की दहा दिवस फोडणी नाही, हे कोणाला शिकवावं लागत नसे.

मास्तरांच्या घरातून फोडणीचा आवाज आला नाही त्याला चार दिवस झाले. मास्तरांचे देडतलाई गावचे पंडितकाका आजारी आहेत, हे गल्लीला माहीत होतंच. शेजारच्या मालूबाईंनी दोन्हींची बेरीज केली आणि झाकलेलं ताट घेऊन त्या मागच्या दारी आल्या.

"काही बोलू नको सुनंदा. मले समजलं."

"तुम्हाला कसं समजलं?"

"भिंतीले भिंत हाय. नाकाले समजत नाही का?"

बेचव जेवणानं झालेली आपली दशा कोणीतरी ओळखली, असं सुनंदाबाईंना वाटलं. "आता सोसायचं, दुसरं काय."

"सोसाच लागते बाई. थोडे दिवस जड जातात, मंग सवय होते."

"हेही तेच म्हणतात," सुनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

ताटात पिठलं-भाकर होती, कडेला मिरचीचा ठेचा. शेजारधर्म मोडू नये म्हणून मास्तरांनी तो सगळा खाल्ला. त्यांच्या डोळ्यांना लागलेली धार मालूबाईंनी खिडकीतून पाहिली. पुतण्याचा काकावर केवढा जीव, असं त्यांनी रात्रीपर्यंत गल्लीभर सांगितलं.

रविवारी पाहुण्यांची बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी आली, तर मालूबाई नळावरच उभ्या. "आज सुपारी कशी फोडशाल पाटील? मास्तरांचा काका गेला." नारळ आणि लुगडं गाडीतच राहिलं. देवराम पाटील एकटेच, खाली मान घालून ओसरीत येऊन बसले. त्यांचे रिकामे हात पाहून मास्तरांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, तर मागून कोणीच येत नव्हतं.

"देवाच्या मनात नव्हतं, मास्तर," पाटील म्हणाले.

"म्हणजे... नाही म्हणता?"

"आता कसं जमन?"

"आमचं काही चुकलं का?"

"चुकलं कोणाचंच नाही. वय झालं होतं."

"वय?" मास्तर गोरेमोरे झाले. "आत्ता कुठं अठरावं लागलंय हो."

दुःखानं माणसाचं डोकं फिरतं, हे पाटलांना ठाऊक होतं. त्यांनी मास्तरांच्या पाठीवरून हळूच हात फिरवला.

मागच्या दारी मालूबाई अलकाला समजावत होत्या. "रडू नको पोरी. काकाचं सुतक फिटलं की पाहुणे परत येतीन."

"काकांना काय झालं? ते तर बरे आहेत, परवाच निरोप आला."

"मंग फोडणी कायले बंद हाय?"

अलकाच्या सगळं लक्षात आलं. पण ज्याच्या घरी सून म्हणून जायचं त्या माणसापुढं जाऊन पोरीनं असं काही सांगायचं, ही रीत तेव्हा नव्हती. तिनं चूल पेटवली, कढई ठेवली. तेल तापल्यावर मोहरी, लसूण आणि मूठभर लाल मिरची एकदम टाकली. चर्र आवाज ओसरीपर्यंत आला, मागोमाग खकाणा आला. मास्तर खोकले, पाटील खोकले.

"मास्तर, सुतकात फोडणी?"

"सुतक? कोणाचं?"

मालूबाईंना पुढं येऊन सगळं सांगावं लागलं. सुनंदाबाई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाटील मात्र हसले नाहीत. टोपी काढून, डोळ्यांत पाणी घेऊन ते तसेच बसून राहिले.

"फोडणी कोणी घातली?"

"अलकानं," मास्तर घाबरत म्हणाले.

"माझी मनकर्णा गेली त्याले बरेच साल झाले. आम्ही बापलेक भाकर भाजतो, कांदा फोडून खातो. सुतक कवाच फिटलं, मास्तर. पण घरात फोडणी काही बसली नाही."

मिरचीनं डोळ्यांत आलेलं पाणी एवढा वेळ टिकत नाही, हे ओसरीतल्या सगळ्यांना कळत होतं. मग पाटलांनीच हाक मारून गाडीतून नारळ आणि लुगडं मागवलं, आणि सुपारी फुटली.

मास्तरांना इतकं भरून आलं की ते आत गेले आणि आपला कुकर दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. "पाटील, लग्न होईपर्यंत हा तुमच्याकडं राहू द्या. पुरुषमाणसालाही जमतो."

पाटलांनी झाकण उचलून आत पाहिलं. "जसोंडीत वीज नाही ना, मास्तर."

"येईल हो. नवं राज्य आहे, वर्षभरात येईल."

पाटलांनी झाकण जपून परत ठेवलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "बिल्कुल घाई नाही."