बिट्ट्याची रेघ आणि सागाचं पान

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या आयांना एकच रोग जडला होता. आपलं बाळ वाढतंय ना?

मुरली वानराने त्यावर उपाय काढला. शहरातून त्याने एक लॅपटॉप पळवला होता. त्यात आलेख काढायची लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे, कोडची. म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवायचं, आपण उचलायचं. वानरांना हे फार लवकर जमतं.

सगळ्या बाळांची वजनं मुरली एकाच आलेखात मांडायचा आणि कागद वडाला टांगायचा.

शेवंता खार पहिलटकरीण. तिने आलेख पाहिला. मैनावती हत्तिणीच्या गजूची रेघ आभाळाला निघालेली. तिच्या बिट्ट्याची मात्र तळाशी आडवी, निजल्यासारखी.

“अगं, काही खातो की नाही हा?” मैनावतीने प्रेमाने विचारलं. त्या प्रेमाने शेवंताचं उरलंसुरलं धैर्यही गेलं.

तिने अक्रोड भिजवले, सोलले, कोंबले. “आ कर. हा घास काऊचा.”

“माझा घास त्याला कशाला?” वरून कावळा ओरडला.

बिट्ट्या इतका फुगला की खोडावरून घसरायला लागला. खाली रानमांजर मिशा पुसत बसलं. रेघ काही उठेना.

“मुरलीभाऊजी, काहीतरी करा हो!”

“अहो वहिनी, हत्ती मणात, खार तोळ्यात. एका अक्षावर दुसरं काय दिसणार? उजवीकडे तोळ्यांचा वेगळा अक्ष देतो. कोडची एक ओळ! फक्त बिट्ट्यासाठी उजवीकडचे आकडे वाचा म्हणावं सगळ्यांना.”

बिट्ट्याची रेघ ताडकन उठली. गजूच्याही वर गेली! सगळ्यांना सांगायला हवं, असं शेवंताला वाटलं. पण ऊन फार होतं. कागद पिवळा पडू नये म्हणून तिने उजव्या कडेवर सागाचं पान लावलं.

अक्रोड कोंबणं थांबलं. बिट्ट्या सरसर शेंड्यावर गेला. रानमांजर कंटाळून उठून गेलं.

“काय देतेस गं त्याला?” मैनावतीचा चेहरा उतरला होता.

“विशेष काही नाही, ताई. अर्धा अक्रोड. भिजवून.”

झालं! गजूचा ऊस बंद, दूध बंद. अर्धा अक्रोड सुरू. थोड्याच दिवसांत त्याचे पाय लटपटू लागले. शेवंताला ते बघवेना. तिने पान काढलं. “मैनाताई, इकडे तोळे आहेत हो.”

मैनावतीने आकडे वाचले. पुन्हा वाचले. आता ही आपल्याला चिरडणार, म्हणून शेवंताने डोळे मिटले.

“भाऊजी,” मैनावती कडाडली, “मग आमच्या गजूलाही तोळ्यांतच मांडा की!”

मुरलीने मांडलं. एकाच अक्षावर दोघं आले. गजूला ऊस मिळाला आणि त्याची रेघ पुन्हा आभाळाला लागली. बिट्ट्याची तळाशी जाऊन निजली.

आता शेवंताला सगळं कळत होतं. अक्ष, मण, तोळे, सगळं. तिने शेंड्याकडे पाहिलं.

“बिट्ट्या, खाली ये. आ कर.”

झुडपात रानमांजर परत येऊन बसलं.

तात्पर्य: आपल्या मुलाची तुलना दुसऱ्याच्या मुलाशी करू नये, हे कळून काडीचा उपयोग होत नाही. म्हणून अक्ष आपला आपण निवडावा, आणि सागाचं पान कुणाच्याही दयेपोटी काढू नये.