पिकअपच्या इंजिनासाठी तीन दरपत्रकं

वस्तू विकत घेणं कुणालाही जमतं. ती कशी घ्यायची हे ठरवायला मात्र माणूस तयार व्हावा लागतो, आणि तेवढा तयार झालेल्या माणसाला पुढे सहसा काही घ्यावंच लागत नाही. अप्पा हे असे तयार झालेले गृहस्थ होते. सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून एकही चुकीची खरेदी झाली नाही. (एकूण किती झाली, हे लेखापरीक्षकांनीही कधी विचारलं नाही, तेव्हा आपण विचारू नये.) निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले होते, "अप्पांच्या टेबलावरून एकही कागद कधी घाईनं पुढे गेला नाही." तेव्हा अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या पत्नीची रोपवाटिका होती. पत्नीला सगळी गल्ली रोपवाल्या मावशी म्हणे. बावीस वर्षांच्या एका बुटक्या पिकअपमध्ये कुंड्या भरायच्या, पदर खोचून स्वतः स्टिअरिंगवर बसायचं आणि शाळा, कचेऱ्या, नव्या इमारती असं फिरून झाडं पोचवायची, हा मावशींचा रोजचा शिरस्ता. घर निम्म्याहून अधिक या पिकअपवर चालतं, हे अप्पांनाही मान्य होतं. (तोंडी. लेखी कुणी मागितलं नव्हतं.)

एके दिवशी चढावर पिकअपनं खर्र असा आवाज केला आणि ती थांबली ती थांबलीच. ढकलत घरी आणली. मिस्त्री आला, बोनेट उघडून बराच वेळ आत डोकं घालून बसला आणि हात पुसत म्हणाला, "मावशी, पिस्टन धरलंय. खोलून करता येईल, पण वेळ जाईल. त्यापेक्षा दुसरं इंजिन टाकू. याच जातीचं एक माझ्या ओळखीत आहे. परवा गाडी हातात देतो."

"टाक," मावशी म्हणाल्या.

खरेदीच्या इतिहासात इतकी बेजबाबदार मंजुरी अप्पांनी ऐकली नव्हती. ते पायरीवरून उठले.

"थांबा. एकाच इंजिनावर निर्णय कसा घेता? किमान तीन दरपत्रकं लागतात."

"अहो, पण इंजिन एकच आहे ना."

"म्हणूनच तर आणखी दोन हवीत."

यावर मिस्त्रीनं मावशींकडे पाहिलं, मावशींनी कुंड्यांकडे पाहिलं, आणि प्रक्रिया सुरू झाली.

इथे एक शंका येईल की, जुनंच इंजिन दुरुस्त का केलं नाही? शंका रास्त आहे, पण अज्ञानमूलक आहे. दुरुस्ती ही वेगळी शाखा असते. अप्पा खरेदी शाखेतले. एकतीस वर्षांत त्यांनी दुरुस्ती शाखेच्या कामात कधी नाक खुपसलं नाही, आणि आता उतारवयात ते वळण सोडण्याचं काही कारण नव्हतं. सबब नव्या इंजिनासाठी जागा मोजता यावी म्हणून चेनकप्पी लावून जुनं इंजिन काढण्यात आलं आणि भंगारवाल्याला देण्यात आलं. भंगारवाल्यानं ते मिस्त्रीच्याच चुलतभावाला विकलं, चुलतभावानं चार दिवसांत नीट केलं, आणि पाण्याचे जार पोचवणाऱ्याच्या गाडीत बसवलं. ती गाडी रोज सकाळी अप्पांच्या दारावरून जाते. आवाज मावशींना लगेच ओळखू आला. अप्पांनाही आला. "चांगलं चालतंय," ते मोकळेपणानं म्हणाले, "पण आपल्या निकषांत बसत नव्हतं."

निकष एकूण सतरा होते. त्यांपैकी चार इंजिनाविषयी होते आणि उरलेले विकणाऱ्याविषयी. (विकणाऱ्याचं अक्षर, पावतीपुस्तकाची स्थिती, फोन कितव्या घंटेला उचलतो, इत्यादी.) एका दुकानदारानं "घ्यायचं तर घ्या, नाहीतर वाट सोडा" असं उत्तर दिलं, त्याला स्पष्टपणासाठी दहापैकी दहा आणि सौजन्यासाठी शून्य गुण मिळाले. अप्पा आकसानं वागत नसत.

इंजिनं ढोबळमानानं तीन प्रकारची निघाली. पहिलं त्याच जातीचं जुनं पेट्रोल इंजिन, जे जागच्या जागी बसतं. पण जे सहज बसतं त्यात निवड कसली, असा अप्पांचा रोकडा सवाल होता. दुसरं एका मोठ्या व्हॅनचं डिझेल इंजिन. ताकद दांडगी, फक्त ते बसवल्यावर बोनेट बंद होत नाही. तिसरं अलीकडच्या छोट्या मोटारीचं. ते दिसायला देखणं, पण त्याच्यासोबत वायरींचं एवढं जंजाळ येतं की मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे बसवलं तर बिघडल्यावर मला नका बोलावू, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलवा."

सल्ल्यासाठी एक समिती नेमण्यात आली. समितीत अप्पा अध्यक्ष, मिस्त्री तांत्रिक सदस्य, आणि मावशींचे धाकटे भाऊ हे तज्ज्ञ सदस्य. या मेहुण्यांनी आयुष्यात एकही चाक बदललेलं नव्हतं, पण मोबाइलवर ते इंजिन बदलणाऱ्यांच्या सहा गटांत होते. एका गटात डिझेलवाले पेट्रोलवाल्यांना अडाणी म्हणत, दुसऱ्यात पेट्रोलवाले डिझेलवाल्यांची अक्कल काढत, आणि मेहुणे दोन्हीकडे अंगठा दाखवून सहमती देत. गटांतल्या बहुतेक सदस्यांच्या गाड्या बंदच असाव्यात, असा मिस्त्रीचा कयास होता. ज्याची गाडी चालते तो दुपारी दोन वाजता एवढं लिहीत कशाला बसेल, असं त्याचं म्हणणं. हा शेरा इतिवृत्तातून वगळण्यात आला.

बैठका पिकअपशेजारीच भरत. मावशी चहा आणून ठेवत आणि कुंड्या हातगाडीवर चढवत. एकदा चहाचे कप उचलताना त्यांनी विचारलं, "अहो, या तिन्हींतलं एखादं चालतं का?"

"तिन्ही चालतात."

"मग?"

"मग काय? तीच तर अडचण आहे."

खरी अडचण मात्र पुढेच होती, आणि ती अप्पांच्या शिस्तीतूनच आली होती. नियमाप्रमाणे तिन्ही दरपत्रकं एकाच वेळी वैध असायला हवीत आणि प्रत्येकाची मुदत पंधरा दिवसांची. पहिलं दरपत्रक आलं की अप्पा दुसऱ्याच्या मागे लागत. दुसरं आलं की तिसऱ्याच्या. तिसरं हाती येईपर्यंत पहिलं इंजिन कुणीतरी उभ्या उभ्या उचलून नेलेलं असे. मग दुसरं ते पहिलं, तिसरं ते दुसरं, आणि पुन्हा तिसऱ्याचा शोध. दोनशे बारा दिवसांच्या अखेरीस स्थिती पुढीलप्रमाणे होती: पाहिलेली इंजिनं त्रेचाळीस. तत्त्वतः मान्य झालेली नऊ. मान्यतेनंतर विकली गेलेली नऊ. मिस्त्रीनं मारलेले कपाळावर हात, मोजदाद ठेवलेली नाही. पिकअपनं कापलेलं अंतर चार फूट. (शेजाऱ्याला आपली मोटार बाहेर काढायची होती.)

याच काळात मावशींना नव्या दवाखान्याचं काम मिळालं. तीनशे कुंड्या उद्घाटनाच्या आधी पोचवायच्या, आणि त्या नीट लागल्या तर वर्षभराची देखभालही त्यांच्याकडेच. एवढं मोठं काम त्यांना आजवर मिळालं नव्हतं. त्या धावतच घरात आल्या. "अहो, पंधरा तारखेला गाडी पाहिजे. कसलंही इंजिन टाका, पण एवढं करा."

अप्पांनी प्रकरणाचं गांभीर्य ओळखलं. ते दगडाच्या काळजाचे मुळीच नव्हते. त्यांनी फाइलवर लाल शाईनं 'तातडीची बाब' असं लिहिलं. तातडीच्या बाबींसाठी नियमांत वेगळी तरतूद असते आणि तिच्यात दोन सह्या जास्त लागतात.

पंधरा तारखेच्या आदल्या दिवशी दोन दरपत्रकं हातात होती. तिसऱ्या दुकानदाराचं पावतीपुस्तक संपलं होतं. मिस्त्री हात जोडून म्हणाला, "साहेब, पहिलं इंजिन माझ्या दुकानात येऊन पडलंय. आत्ता हो म्हणा, रात्र जागतो, सकाळी गाडी उभी करतो." अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी कळकळ मला समजते. पण उद्या कुणी विचारलं, तर मी काय दाखवू?"

"कोण विचारणार आहे, साहेब?"

या प्रश्नाला एकतीस वर्षांत उत्तर सापडलं नव्हतं, ते एका रात्रीत कुठून सापडणार?

भाड्याच्या टेम्पोचीही अप्पांनी तीन दरपत्रकं मागवली. ती आली, सोळा तारखेला. मावशींनी मात्र कुणालाही न विचारता एक जादा हातगाडी आणली (ही अनियमितता होती, पण अप्पांनी मोठ्या मनानं तिला कार्योत्तर मंजुरी दिली) आणि भर उन्हात चौदा फेऱ्या केल्या. अकराव्या फेरीला त्यांच्या पाठीत काहीतरी सरकलं. त्या घडीभर फुटपाथवर बसल्या, मग उठून पुन्हा दांडी धरली. शंभर कुंड्यांतली रोपं दवाखान्यात उतरेपर्यंत माना टाकून बसली होती. दवाखान्याचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी जेवढी झाडं ताठ होती तेवढी ठेवून घेतली आणि बाकीचं काम, देखभालीसह, पलीकडच्या मोठ्या रोपवाटिकेला दिलं. त्यांच्याकडे गाडी होती.

त्या संध्याकाळी मावशी पाठीला शेक घेत पडून होत्या आणि अप्पांना वाईट वाटलं. हे उपरोधानं लिहिलेलं नाही. त्यांना खरोखर वाईट वाटलं, हातातला घास ताटातच राहिला. आपल्या हातून काहीतरी चुकलं आहे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ते उठले, वही काढली आणि निकषांत अठरावा निकष घातला: तातडीच्या प्रसंगी उपयुक्तता. मग त्यांना जरा बरं वाटलं.

आणि मग, कष्टाला फळ येतंच, तीन दरपत्रकं एकाच आठवड्यात आली. अप्पा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. अठरा निकष, तीन इंजिनं, चोपन्न रकाने. तक्ता असा उतरला की मेहुण्यांनी त्याचा फोटो सहाही गटांत टाकला आणि परक्या माणसांनी टाळ्या पाठवल्या. एक इंजिन निर्विवादपणे पहिलं आलं. कोणतं, ते यथावकाश सांगू. आता फक्त मंजुरी उरली होती. पण ज्यानं शिफारस करायची त्यानंच मंजुरी द्यायची, हे नीतीला धरून नाही. मंजुरी त्रयस्थ व्यक्तीची हवी. घरात त्रयस्थ अशा मावशीच होत्या.

त्या दिवशी मावशी उशिरा घरी आल्या. महिन्याभरापूर्वी त्यांनी आपली उरलेली रोपं पलीकडच्या मोठ्या रोपवाटिकेला देऊन टाकली होती आणि स्वतः तिथेच पगारावर लागल्या होत्या. काम तेच, झाडं पोचवण्याचं. आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांकडे आता त्या दुसऱ्याची पिकअप घेऊन जात. ती पिकअप आज दारात लावून त्या कमरेवर हात ठेवून हळूहळू उतरल्या. अप्पा उत्सुकतेनं पुढे झाले.

"हिच्यात कोणतं इंजिन आहे गं?"

"काय माहीत. किल्ली फिरवली की सुरू होतं."

माहिती अपुरी असल्यानं अप्पांनी ती नोंदवली नाही. त्यांनी फाइल पुढे केली. मावशींनी चप्पल काढायच्या आधीच पेन घेतलं.

"कुठे करू सही?"

"इथे. आणि इथे. वाचलंस ना सगळं?"

"नाही."

अप्पांनी एक सुस्कारा सोडला. न वाचता दिलेली मंजुरी ग्राह्य धरता येत नाही. त्यांनी तिथल्या तिथे ती रद्द केली आणि मावशींनी वाचावं म्हणून फाइल टेबलावर ठेवली. मावशी आत जाऊन आडव्या पडल्या. पंधरा दिवस झाले आणि तिन्ही दरपत्रकांची मुदत एकाच दिवशी संपली, तेव्हा निदान त्या बाबतीत तरी एकवाक्यता झाली, याचं अप्पांना समाधान वाटलं.

पिकअप अजून तिथेच आहे. मागची मोकळी जागा आता खरोखरच मोकळी आहे. तक्त्याची कीर्ती मात्र पसरली, आणि लांबलांबून माणसं चौकशीला येऊ लागली. अप्पांनी त्यांच्यासाठी एक नोंदवही ठेवली आहे: अनुक्रमांक, नाव, काय विचारलं. आजवर सत्तावन्न जण येऊन गेले. छप्पन्न जणांनी शेवटी कोणतं इंजिन पहिलं आलं असं विचारलं आणि एकानं पाणी मागितलं. मावशींची पाठ आता कशी आहे, असं विचारणारे: निरंक. प्रस्तुत कथा इथवर वाचून तुम्हीही येणार, हे अप्पांनी धरलंच होतं. त्यांनी तुमचं नाव अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर घालून ठेवलं आहे, आणि तुमचा वेळ वाया जाऊ नये म्हणून पुढच्या रकान्यात तुम्हाला न विचारताच 'इंजिन' असं लिहून टाकलं आहे.