पक्कडरावांचं बिनतारी कुलूप

दिसेल त्या यंत्राचं पोट उघडून बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, ते पक्कडराव त्या सकाळी औषध भांडारात छाती पुढे काढून उभे होते. इमारतीचे हे दुरुस्तीवाले! त्यांनी नुकतंच दाराला आतून-बाहेरून नवं बिनतारी कुलूप बसवलं होतं. ना वायर, ना किल्लीचं भोक. साबणाच्या वडीएवढी काळी डबी आणि तिच्यावर हिरवा दिवा.

"बाई, कार्ड दाखवलं की उघडणार. पण कोणी वेडंवाकडं बोट लावलं, तर माशीसुद्धा बाहेर जाणार नाही!"

"बरं. मी जाऊ?" भांडार सांभाळणाऱ्या बाईंच्या हातात बर्फाची पेटी होती. पेटीत सर्पदंशावरचं इंजेक्शन. दवाखान्यात रोगी वाट बघत होता, खाली गाडी उभी होती.

"एकच मिनिट, गंमत बघा!" पक्कडरावांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डबीला टेकवलं.

दिवा लाल झाला. खाडकन खिट्टी बसली. डबीतून गोड आवाज आला, "छेडछाड आढळली आहे."

"पाहिलंत!" पक्कडराव हरखले.

"पाहिलं. आता उघडा."

कार्ड लावलं. ढिम्म! झाकण उचकटावं, तर कुठे फटच नाही. चिमटा झाला, पातळ पट्टी झाली, शेवटी डबीला हात लावून नमस्कारही झाला. दर वेळी तोच गोड आवाज! घाम पुसता पुसता पक्कडरावांचे डोळे भरून आले. तीस वर्षांत त्यांना दाद न देणारं हे पहिलंच यंत्र.

"काय घडवलंय हो! कोण असेल तो कारागीर?"

"त्याची आरती नंतर करा! तिकडे माणसाचा जीव टांगणीला लागलाय!" बाईंनी भिंतीवरच्या फोनवरून कुलूपवाल्या कंपनीला गाठलं.

पलीकडची मुलगी म्हणाली, "दहा मिनिटं कोणी हात लावला नाही, की कुलूप शांत होतं आणि आपोआप उघडतं. तिथे कोणी सारखं हात लावतंय का?"

बाईंनी पक्कडरावांकडे नुसतं बघितलं.

पक्कडराव मुकाट्याने स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्यांची बोटं तव्यावर ठेवल्यासारखी वळवळत होती. बाई घड्याळाकडे बघत होत्या, ते डबीकडे; देवदर्शनाला बसल्यासारखे.

दहा मिनिटं झाली. दिवा हिरवा! खिट्टी सरकली आणि बाई पेटी घेऊन जिन्यावरून धावत सुटल्या. गाडी निघाली. इंजेक्शन वेळेवर पोचलं, रोग्याने डोळे उघडले, असा ड्रायव्हरचा फोनही आला.

अर्ध्या तासाने बाई ती बातमी सांगायला वर आल्या, तर दार बंद आणि दिवा लाल!

"अहो पक्कडराव, अजून आतच? दहा मिनिटं कधीच झाली!"

"दोनदा झाली हो," आतून ओशाळा आवाज आला. "दोनदा उघडलंसुद्धा! पण उघडलं की त्याची पाठ थोपटल्याशिवाय राहवतच नाही!"