लांजेवारकाकांचा गोळीटॅक्स

दिवाळीत गल्लीत टिकल्यांचे पिस्तूल वाजले, की शेजारच्या दारातून आधी एक उघडा तळहात बाहेर यायचा आणि मागोमाग लांजेवारकाका. "टॅक्स," ते म्हणायचे. ज्याने टिकल्या उडवल्या त्याने डबीतल्या थोड्या काकांना द्यायच्या, असा त्यांचा कायदा होता. मुले निमूट देत, कारण न देणाऱ्याला भाषण ऐकावे लागे.

वसूल झालेल्या टिकल्या एकदा त्यांनी सुरक्षित जागा म्हणून खलबत्त्यात ठेवल्या. सकाळच्या अंधारात काकूंनी न बघता त्यात आले टाकले आणि बत्ता हाणला. "तुमचा टॅक्स माह्या जिवावर उठला," एवढे बोलून काकूंनी अबोला धरला. बरेच दिवस काकांना बिनआल्याचा चहा मिळाला.

काका करमणूक कर खात्यातून निवृत्त झालेले. सीताबर्डीच्या बाजारात व्हिडिओ गेमचे दुकान निघाले आणि त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखे झाले. मी हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरायचो तेव्हा अंगात त्राण नसायचे, आणि काका चौकात हजर असायचे.

"सिनेमाले टॅक्स आहे, सर्कशीले आहे. तिथं पोट्टे दिवसभर गोळ्या झाडून राहिले, त्याले काहून नाही गा?"

"काका, बंदूक खोटी, मरणारे खोटे. खेळ आहे तो."

"वरातीतलाही खेळच होता."

त्यांचा एकुलता मुलगा विनू मित्राच्या वरातीत नाचता नाचता गेला. नवरदेवाच्या मामाने खुशीत हवेत गोळी झाडली होती. हवेत म्हणजे, मामाच्या मते. बंदुकीला लायसनही होते. सगळ्या गल्लीला हे पाठ होते, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्याचे दुःखही रोज ऐकून माणूस थकतो. रोज मरे त्याला कोण रडे. "आले टॅक्सवाले," म्हणत लोक दारे लोटून घेत.

एका रविवारी घड्याळाचा पट्टा घ्यायला बर्डीवर गेलो, तर काका त्याच दुकानात, खुद्द मशीनसमोर उभे. पडद्यावर वरून गोळ्या बरसत होत्या आणि खाली एक चिमुकले विमान होते. काका दांडा धरून ते विमान जिवाच्या आकांताने इकडून तिकडे पळवत होते. गोळी झाडायच्या बटणाला मात्र त्यांचे बोटही लागत नव्हते.

"रोज येतात," दुकानदार मला हळूच म्हणाला. "पण एकही गोळी मारत नाहीत."

मी जवळ गेलो. "काका, टॅक्स वसूल करून राहिले का?"

त्यांनी मान वळवली नाही. "थांब गा. याले वाचवून राहिलो."

तेवढ्यात विमान फुटले. काका क्षणभर रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले.

"इथं पुन्हा मिळते," ते म्हणाले, आणि खिशात नाणे शोधू लागले.