शकूआत्याचा 'ड' वर्ग

रविवारी दुपारी मी पालथा पडून घोरत होतो, तेव्हा शकूआत्यानं माझ्या बनियनवर पाठीमागून खडूनं मोठ्ठा 'ड' काढला. मी तसाच उठून भाजी आणली, वाटेत चौघांना रामराम घातला, पण एकानंही हटकलं नाही. बायको म्हणाली, "त्यांना पटलं असणार."

'ड' म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शकूआत्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हे. करमाळ्याकडची ही बाई सोलापुरात एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई म्हणून लागली आणि तिथल्याच धुळीत केस पांढरे करून बाहेर पडली. सरकारी कागदांचे चार वर्ग असतात. 'अ' कायम जपायचा, 'ब' बराच काळ, 'क' थोडाच काळ, आणि 'ड' वर्षभरात नष्ट. नोकरी सुटली, पण आत्याचे वर्ग काही सुटेनात. घरात नवरा नाही, पोर नाही, म्हणून तिनं अख्ख्या गल्लीचा संसार वर्गवारीला घेतला.

कुणाकडे रंगकाम निघो की लग्न, आत्या खडू घेऊन दारात हजर. "ह्ये शेवटचं कदी वापरलं?" एवढाच प्रश्न. उत्तराआधी आवंढा गिळलात की 'ड' उमटलाच. दिवाळीच्या तोंडावर लोक चोरांपेक्षा आत्यापासून जास्त सामान लपवत. एकानं तर पाणी तापवायच्या बंबाला टोपी-उपरणं घालून खुर्चीत बसवलं आणि गावाकडचे पाहुणे म्हणून ओळख करून दिली. आत्यानं पाहुण्यांना नमस्कार केला, तब्येत विचारली आणि मग खडू काढला. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी तिला लांबून बघताच पेटी वाजवायला घेतली, वापरात आहे हे दाखवायला. मास्तरांना पेटी येत नव्हती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मास्तर, 'ड'च्या खाली वर्ग न्हाय म्हनून 'ड'वर भागलं हिचं."

विल्हेवाटही तीच लावायची. "भंगारवाला माज्या वळखीचा हाय. तुमी नका तरास घिऊ." मग ढकलगाडी यायची आणि पुढं आत्या, मागं गाडी अशी मिरवणूक गल्लीचं वळण ओलांडून दिसेनाशी व्हायची. वळणापुढं काय होतं, हे बघायला आमच्या घरचं कुणी गेलं नाही. वळणापुढं फक्त आत्याचं घर होतं, आणि तिथं कुणाचं काय काम?

मग आम्ही गल्लीतलं भाड्याचं घर सोडून एका फ्लॅटमध्ये राहायला निघालो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आत्या सकाळीच आली. माझ्या अर्ध्या संसाराला 'ड' देऊन ती आईच्या दगडी उखळापाशी थांबली.

"ह्येच्यात चटणी कांडते मी," आई आधीच बोलली.

"मिक्सर हाय की सुनंचा."

"मिक्सर शेंगदानं फिरवतो. कांडत न्हाय."

"अवं वैनी, वर न्यायला हत्ती लागंल. आन् हत्तीला ठिवायचं कुटं?"

मी हसलो, बायको हसली. आई नाही हसली. उखळ गाडीत चढलं.

नव्या घरी बायकोनं मिक्सरमध्ये शेंगाचटणी केली. आईनं बोटानं चाखली आणि वाटी सरकवली. "तेल न्हाय सुटलं हिला." दुसऱ्या दिवशी कडक भाकरीचा तुकडा ताटात तसाच राहिला. आम्ही विकतची चटणी आणली, पाहुण्यांकडून मागवली. आई सगळ्यांना नावं ठेवून उठायची. सोलापूरच्या बाईनं चटणीवरून उठायचं म्हणजे डॉक्टरला बोलवायची वेळ. डॉक्टर आले, म्हणाले, आजार काही नाही, जेवत नाहीत. तोवर आईच्या बांगड्या कोपराकडं निघाल्या होत्या. एकेकाळी माझ्या कानाखाली खणखणलेल्या त्या बांगड्या. मी घाबरलो आणि उखळ शोधायला निघालो.

भंगारवाल्याला विचारलं, तर तो माझ्याकडंच संशयानं बघायला लागला. "आत्या का माल? हमारे कने तो आजतक एक खिळा भी नै आया जी."

तसाच तणतणत मी आत्याच्या दारात गेलो. भांडायचं म्हणून चार कडक वाक्यं वाटेत घोकली होती. आत गेलो आणि वाक्यं उंबऱ्यातच राहिली. मागच्या खोलीत आमची सगळी गल्ली मांडलेली होती. मास्तरांची पेटी, कुणाचा पाळणा, ते बंबाचे पाहुणे. सगळं पुसून लख्ख केलेलं. मध्यभागी आईचं उखळ, वर स्वच्छ फडकं.

आत्या दचकली नाही. "लई उशीर लावलास. बस, च्या टाकते."

"हे सगळं..."

"येत्यात की माणसं, आटवन झाली की. पाळन्यावाली तर लगीच पळत आली. म्हनलं, नातीला घिऊन ये, हितंच झोपव. येती आता दर सोमवारी. मास्तर येत्यात पेटी वाजवाया. लई वंगाळ वाजवत्यात." पातेल्यात साखर घालताना ती पाठमोरीच बोलली, "एरवी माज्याकडं कुनाचं काय काम असतंय रं."

चहा संपवून मी उखळापाशी गेलो.

"आत्या, आई जेवत नाहीये. उखळ नेतो."

"ने की. तिचंच हाय." तिनं फडकं काढलं, घडी केली, परत उलगडली. "आज नको पन. उद्या वैनीला घिऊन ये. तिच्या हातानं एकदा हितं कांडू दे, मग ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सोडलं आणि संध्याकाळी ढकलगाडी घेऊन गेलो. बाहेरच ऐकू आलं.

"लसूण लई झाला, वैनी."

"तुला काय कळतंय? जलमभर कागद खाल्लंस."

"तरी तिसरी भाकरी चालली की तुमची."

"तू वाडलीस म्हनून खाल्ली."

गाडीवाला म्हणाला, "काय न्यायचंय साहेब?"

"काही नाही. आईला घ्यायला आलोय."

"मग बोलवा की त्यांना."

आत लसणावरून आता एकमेकींची माहेरं निघाली होती. गाडीवाल्याला मी परत पाठवलं आणि हाक न मारता पायरीवर बसून राहिलो.