खुर्चीच्या पोटात

विगोची लग्नाची अंगठी मंगळवारी हरवली आणि शनिवारी त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होत होती. चार दिवस तो बोटाला चिंधी बांधून हिंडत होता. कापलंय, एवढंच त्याने बायकोला सांगितलं होतं. गुद्रुन रोज बोटाची चौकशी करायची आणि तो रोज कण्हून दाखवायचा.

अंगठी कुठे गेली याबद्दल त्याला शंका नव्हती. खुर्च्यांच्या बैठका विणणं हा त्याचा धंदाच. कागदी सुतळी लाकडी चौकटीच्या वरून-खालून विणत गेलं की मधे पोकळी राहते, तिच्यात पुठ्ठे कोंबतात. सुतळी अडकते म्हणून विणताना अंगठी काढून ठेवायची. मंगळवारी त्याने घरचीच एक खुर्ची नव्याने विणली होती, कारण पाद्रीबुवा शनिवारी येणार होते आणि ते अंगाने भरभक्कम होते. तिच्याच पोकळीत अंगठी गेली असणार.

शनिवारी पहाटे तो दबकत स्वयंपाकघरात उतरला. शेजाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी दारावर लग्नाच्या पंचविशीची हिरव्या फांद्यांची कमान ठोकली होती आणि या दोघांनी रीतीप्रमाणे ती ठोकाठोक ऐकूच आली नाही असं दाखवलं होतं. सकाळी सात वाजता सगळी गल्ली दारात गाणं म्हणणार, मग जो तो हात हातात घेणार. चिंधी किती वेळ टिकणार?

त्याने नवी खुर्ची उचलून गदागदा हलवली. आवाज नाही. वैतागून त्याने ती खाली आदळली, तर धक्क्याने शेजारची जुनी खुर्ची कलंडली आणि तिच्या पोटात काहीतरी खुळखुळलं. जुन्या खुर्चीत मंगळवारची अंगठी कशी जाईल, हा विचार त्याला शिवलाही नाही. त्याने पातळ लाकडी पट्ट्यांचा टांगता दिवा लावला, सुरी घेतली आणि बैठक उभी फाडली.

अंगठी निघाली. विगोने ती आनंदाने बोटात सारली, पण ती पेरापाशीच अडली. त्याने ती दिव्याखाली धरली. आत कोरलं होतं, ‘विगो, १९३७’.

त्याच्या अंगठीत तर बायकोचं नाव होतं. नवऱ्याचं नाव असतं ती बायकोची. पण गुद्रुनच्या बोटात त्याने काल कणीक मळतानासुद्धा अंगठी पाहिली होती.  विगो विचार करत बसायला गेला तर फाडलेल्या खुर्चीतून आरपार जाऊन चौकटीत अडकला.

त्या अवस्थेत गुद्रुनने त्याला गाठलं. तिने खुर्ची पाहिली, अंगठी पाहिली, आणि आपला हात पाठीमागे नेला.

"ही मी विणलेली पहिली खुर्ची," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली."

"तुला माहीत होतं?"

"बैठक विणून बंद झाल्यावर कळलं. पण तू ती गावभर मिरवलीस. म्हणालास, ही जन्मात उसवायची नाही. मग कसं सांगणार?"

"आणि बोटात काय आहे मग?"

"धाकट्या खोलीच्या पडद्याची कडी. पितळेची आहे, राखेने घासते."

धाकट्या खोलीचा पडदा अकरा वर्षं एका कोपऱ्याने लोंबत होता आणि गुद्रुन त्याला हात लावू देत नव्हती. विगोला आता सगळं उमगलं. त्याला राग यायला हवा होता, पण भरून आलं. त्याने चिंधी सोडली.

"माझीही गेली, गुद्रुन."

"तुझी साखरेच्या डब्यात आहे. मंगळवारी खिडकीत विसरला होतास. म्हटलं, बघू तरी किती दिवस कण्हतोस."

बाहेर गाणं सुरू झालं. तिने त्याला चौकटीतून ओढून काढलं आणि डब्यातली अंगठी त्याच्या बोटात सारली. त्याने घाईघाईने सोन्याची अंगठी तिच्या बोटात घालून पाहिली, पण अकरा वर्षांत तिचं बोटही जाड झालं होतं. तिने कडीच पुन्हा चढवली आणि दोघं हातात हात घालून दारात गेले.

रात्री पाहुणे पांगल्यावर धाकट्या खोलीचा पडदा अगदी सरळ लोंबत होता. त्याची एक कडी तेवढी सोन्याची होती.