गाडीचं नाक

माणसाने एक वेळ सासऱ्यांशी वाद घालावा, पण सासऱ्यांच्या घरासमोरच्या चढावर गाडी बंद पाडू नये. वाद लोक विसरतात. चढावर बंद पडलेली गाडी मात्र गच्चीवरून सगळ्या सासुरवाडीला दिसते.

मागच्या वर्षी माझी दिसली. सासरे निवृत्त झाल्यावर घाट संपतो तिथे, पार डोंगरावर घर बांधून राहिलेत. (हवा चांगली म्हणून, असं ते म्हणतात. जावई वरचेवर येऊ नयेत म्हणून, असं मी म्हणतो. मनात.) त्यांच्या वाढदिवसाला आम्ही निघालो आणि शेवटच्या वळणावर गाडीने मान टाकली. तेवढ्यात मागून साडूभाऊ आले, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हा गृहस्थ गाडीत कायम एक जाडजूड दोर बाळगतो. असल्या माणसांचा मला भारी राग येतो. दुसऱ्याची गाडी कधी बंद पडते याची ते वाटच बघत असतात. त्यांनी माझी गाडी आपल्या गाडीला बांधली आणि हॉर्न वाजवत, गच्चीसमोरून, मला ओढत नेलं. सासरे वरून ओरडले, "या, या! यंदा दोन्ही जावई एकदमच आले!"

त्यामुळे यंदा वाढदिवस जवळ आला तशी ही म्हणाली, "यंदा गाडी मी चालवते."

हिच्याकडे लायसन्स माझ्याआधीपासून आहे. पण म्हणून काय झालं?

"दोष चालवणाऱ्याचा नव्हता," मी म्हणालो, "हवेचा होता. उंचावर हवा विरळ असते. इंजिनाला श्वास पुरत नाही."

"मग भावोजींच्या इंजिनाला कसा पुरला?"

"तुला यातलं कळत नाही. तू मध्ये बोलू नकोस."

(हे वाक्य लक्षात ठेवा. हिने ठेवलं.)

बोलण्याच्या भरात मी सांगून टाकलं, की यंदा गाडीला नवा एअर इनटेक, म्हणजे हवा आत ओढणारं नवं नाक, बसवतो, आणि तरीही गाडी घाटात बंद पडली तर स्टिअरिंग कायमचं तुझं. "ठरलं," ही म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली, की मला जरा लागलंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर सटकून मी गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. मालकाने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर घेतला, बॉनेट उघडलं आणि एक्स-रे बघून डॉक्टर करतात तसं तोंड केलं.

"साहेब, या काळ्या डब्यातून श्वास घेते ही? नाकावर उशी दाबून ठेवलीत हो बिचारीच्या!"

मला गलबलून आलं. इतकी वर्षं गाडी मुकाट्याने सोसत होती आणि मी तिला शिव्या देत होतो! मालकाने मग एक चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला बसणारा लालभडक, शंकूसारखा फिल्टर काढला. डबा नाही, झाकण नाही, सगळं उघडं. हवा चारी बाजूंनी आत!

"हे माझ्या गाडीला बसतं का?" मी विचारलं.

"आम्ही बसवलं की बसतं," तो म्हणाला.

एवढा आत्मविश्वास असलेल्या माणसाला पुढे काय विचारणार? काळा डबा पिशवीत घालून मी डिकीत टाकला आणि घरी आलो. त्यानंतर मी गाडी लावली की बॉनेट उघडून उभा राहायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. एका शेजाऱ्याने "बंद पडली का?" म्हणून धक्का मारायची तयारी दाखवली. लोकांना कौतुक करताच येत नाही.

आईने मात्र कौतुक केलं. इथे आईविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या घरात वस्तू आली की तिला आधी कव्हर शिवलं जातं. मिक्सरला कव्हर, इस्त्रीला कव्हर, रिमोटला प्लास्टिकचं कव्हर, सोफ्याला कव्हर आणि ते मळू नये म्हणून त्यावर आणखी एक. सोफ्याचा खरा रंग मी दुकानात पाहिला, तो शेवटचा.

"महागाचं दिसतंय रे," आई वाकून बघत म्हणाली.

"आहेच मुळी."

"आणि हे असं उघडंच?"

"उघडं आहे त्यातच तर सगळी गंमत आहे, आई."

"धूळ गेली म्हणजे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विचारणारं कोणी भेटलं की माझ्यातला तज्ज्ञ उफाळून येतो. "धूळ?" मी बोट नाचवत म्हणालो, "धुळीचा एक कण आत गेला ना, की इंजिनाचा सत्यानाश!"

आई "अगं बाई!" म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने शिलाई मशीनचा आवाज आला. आमच्याकडे तो नेहमीच येतो.

निघायच्या दिवशी सपाट रस्त्यावर गाडी जरा घुसमटल्यासारखी चालत होती. "नवीन नाक आहे, सवय होतेय," मी खुलासा केला. शेजारी ही, मागे आई, आईच्या मांडीवर केक. घाट सुरू झाला आणि गाडी धापा टाकू लागली. मी एसी बंद केला. मग रेडिओ बंद केला. मग वजन कमी व्हावं म्हणून पाण्याची बाटली ओतून दिली. मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि एक सायकलवाला खोकत खोकत आम्हाला मागे टाकून गेला. ही एक अक्षर बोलत नव्हती. ही बोलत नसली की मला घाम फुटतो.

शेवटच्या वळणावर, बरोबर त्याच जागी, गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली. वर गच्ची माणसांनी भरली होती. आणि खांद्यावर दोर टाकून साडूभाऊ चालत खाली येत होते. चालत! गाडी बंद पडायच्या आधीच निघाले असणार मेले!

"बघू तरी तुमचं ते नवीन नाक," ते म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मग ते आणखी खाली वाकले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "गाडीला झबलं कोणी घातलं?"

मी वाकून पाहिलं. माझ्या लालभडक फिल्टरवर निळ्या फुलांचं कव्हर होतं. खाली नाडी होती आणि नाडीची सुबक गाठ मारलेली होती. निळी फुलं ओळखीची वाटली. आठवडाभर मी घरभर शोधत होतो तो माझा पायजमा! निदान त्याचा एक पाय.

"धूळ जाऊ नये म्हणून," आई गाडीतूनच अभिमानाने म्हणाली. "आतून जुन्या रेनकोटचं अस्तर लावलंय. एक कण जायचा नाही!"

"आई, पण हवा जायला हवी ना!"

"ते तू कुठे सांगितलंस? तू धुळीचं सांगितलंस. आणि रिमोट नाही का कव्हरातून चालत?"

मी कपाळावर हात मारला. "बॉनेट कोणी उघडून दिलं तुला?"

"सूनबाईने, आज सकाळी निघायच्या आधी."

मी हिच्याकडे पाहिलं. ही शांतपणे म्हणाली, "आईंनी उघडायला सांगितलं, मी उघडलं. मला यातलं कळत नाही ना? मग मध्ये कशाला बोलू?"

मी नाडी सोडली, कव्हर ओढून काढलं आणि बॉनेट दणकन आपटलं. वळून बघतो तर ही स्टिअरिंगवर बसलेली.

"अगं, पण गाडी कशामुळे बंद पडली ते तर बघ!"

"कशामुळे, ते ठरलं नव्हतं. बंद पडली तर, एवढंच ठरलं होतं. बसा मागे."

किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. आई पुढे जाऊन बसली आणि केक माझ्या मांडीवर आला. शेजारी साडूभाऊ बसले, दोर कवटाळून. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला होता, तेवढंच समाधान. गाडी सरसर चढली.

"बघितलंस?" मी मागून म्हणालो. "हा इनटेकचा परिणाम!"

"हा दुसऱ्या गिअरचा परिणाम," ही म्हणाली. "तुम्ही चढावर तिसरा सोडतच नाही."

गच्चीवरून टाळ्या पडल्या. "यंदा गाडी आपली आपण आली!" सासरे ओरडले, मग मला मागच्या सीटवर केक धरून बसलेला पाहून म्हणाले, "आणि जावईबापूंनाही घेऊन आली!"

घरी परतल्यावर हिने तो काळा डबा परत बसवून घेतला. गाडी झकास चालते आणि ती हीच चालवते. मी मागे बसून हवेच्या विरळपणाविषयी बोलतो. कोणी ऐकत नाही.

परवा आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझं ते लायसन्स दे बघू जरा." मी दिलं. संध्याकाळी तिने ते परत आणून दिलं, निळ्या फुलांच्या इवल्याशा कव्हरात, नाडी आवळून.

"आता रोज लागणार नाही ना," ती मायेने म्हणाली. "पायजम्याचा दुसरा पाय उरलाच होता."

मी उघडून पाहिलं. आतून रेनकोटचं अस्तरही होतं.